कोपऱ्यावरची तार

मांडव बसला तेव्हा मी ओट्यावर चहा पीत होतो. आवाज फार झाला नाही. करकरलं, आणि समोरचं सगळं हिरवं छत, कारली, तारा, खांब, एका अंगाला कलून खाली आलं. वहिनी मांडवाखाली कारली तोडत होती. मी जागचा उठलो नाही. कप हातात तसाच. दादा गोठ्यातून धावला, कोयत्यानं सपासप वेल कापले, तिला ओढून बाहेर काढलं. तिचा हात कोपराखाली भलतीकडेच वळला होता.

मुरबाडपर्यंत लोक मांडव घालायला दादालाच न्यायचे. कडेचे खांब तो बाहेर कलते पुरायचा. प्रत्येकाला जाड तारेनं मागे ओढून ती तार जमिनीत गाडलेल्या धोंड्याला बांधायचा. "खांब नुसता उभा रं," म्हणायचा, "वजन तार धरते."

कोपऱ्यावरची तार मी सोडली होती. नवी गाडी अंगणात घ्यायला ती आडवी येत होती. दादा बाजाराला गेलेला. पक्कडीनं पीळ उलगडला, गाडी आत घेतली, संध्याकाळी बांधू म्हणून तार वेलांत खोचली. मांडव जागचा हलला नाही. नंतर विसरलो, असं लिहिणार होतो. विसरलो नव्हतो. रोज कामावरून आल्यावर बघायचो. उभा आहे ना, मग झालं.

पडल्यावर कुणी तार शोधलीच नाही. "बायकोच्याच डोक्यावर घातलास रे मांडव!" लोक हसले. दादा म्हणाला, माझीच गाठ सुटली असंल. वहिनीचा हात पुढे सरळ झाला नाही, आणि जेवायला बसलं की ती सुरू व्हायची, "लोकांचं मांडव उभं, आन् माझाच पडला. काय कारागीर!" दादा खाली मान घालून जेवायचा. दुसऱ्यांच्या कामाला जाणं त्यानं सोडलं. मी त्याच पंगतीला बसायचो, भात मागून घ्यायचो.

यंदा शेजाऱ्यानं मांडवाला बाहेरचा माणूस आणला. दादा ओट्यावरून बघत होता. एकदा अर्धवट उठला, परत बसला. ते मला बघवेना.

"दादा, तार मी सोडलेली. गाडीसाठी."

"कंची?"

"कोपऱ्यावरची."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग विचारलं, "धोंडा जागेवर होता?"

"होता."

"नाय उपटला?"

"नाय."

त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मला काय सांगतोस? आत जा. तिला सांग."

वहिनी चुलीपुढे एका हातानं भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं आणि शिव्यांची वाट बघत उभा राहिलो.

"म्हंजे त्यांची गाठ नाय सुटली?"

"नाय, वहिनी."

"अगं बाई." पिठाचा हात तिनं तोंडावर नेला. "आन् मी त्या माणसाला काय काय बोलले, भावजी! पोरांसमोर बोलले!"

ती उठली, माझ्याकडे न बघता बाजूनं गेली आणि बाहेर दादाजवळ जाऊन बसली. मी आत उभा होतो. मला कुणी बोलावलं नाही.