राखीव दहा दिवस

आमच्या स्वयंपाकघरातल्या एका कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता. वर लिहिलं होतं ‘फोन आल्यावर’, आणि खाली एकवीस गोष्टी. पासपोर्ट आणि व्हिसाऐवजी चालणारं भारताचं कार्ड कुठल्या कप्प्यात, बॅगेत काय भरायचं, ऑफिसात कोणाला कळवायचं, शेजारणीला किल्ली, कुंड्यांना पाणी. कुठला फोन, हे त्यात लिहिलेलं नव्हतं. आईवडील मागे ठेवून परदेशात राहणाऱ्या कोणालाच ते लिहावं लागत नाही.

ती यादी मी बाबा गेल्यावर केली. बाबा गेल्याचा फोन आला आणि निघताना लक्षात आलं की मुलीच्या पासपोर्टची मुदत संपलेली आहे. त्यात दोन दिवस गेले. साताऱ्याला पोचले तेव्हा मंडपवाला अंगणातल्या खुर्च्या टेंपोत चढवत होता. आई मला एक शब्दही बोलली नाही. तेरावा झाला, मी परत निघाले, तेव्हा दाराशी माझ्या हातावर दही घालताना म्हणाली, “यांच्या वेळी चुकलीस. माझ्या वेळी ये हं.” वर हसलीही, जणू लग्नाचं आमंत्रण देत होती. मी म्हटलं, “येणार म्हणजे येणारच.”

कागदाबरोबर रजेचाही बंदोबस्त केला. वर्षाला तीस दिवस रजा. त्यातले वीस जुलैत साताऱ्याला, कारण इथे शाळा चालू असताना मुलीला घेऊन कुठे जाता येत नाही. उरलेले दहा राखीव, त्या फोनसाठी. जर्मनीत शिल्लक रजा पुढच्या मार्चपर्यंत घ्यावी लागते, नाहीतर बुडते. म्हणून दर मार्चमध्ये मी दहा दिवस घरी बसायची आणि बाड हॉम्बुर्गच्या त्या तीन खोल्यांतली सगळी कपाटं आवरायची. खरेदी विभागातली माझी साहेबीण म्हणायची, “तुझ्या कपाटांना माझ्यापेक्षा जास्त सुट्टी मिळते.” मी म्हणायची, “गेनाऊ,” म्हणजे अगदी बरोबर. तिला काय सांगणार? फडक्याने फळ्या पुसताना मला सण असल्यासारखं वाटायचं. आणखी एक वर्ष गेलं, फोन आला नाही.

ग्रीसच्या बेटाचं वेड ह्यांचं. जर्मनीत आल्यापासून ऐकत होते. पण शाळेच्या सुट्टीत तिथे पाय ठेवायला जागा नसते, आणि आमची रजा तर ठरलेली. मग मुलगी शिकायला बर्लिनला गेली. त्या संध्याकाळी हे म्हणाले, “आता शाळेच्या सुट्टीचं बंधन संपलं. ऑक्टोबरच्या शेवटी जाऊ. सगळे परत आलेले असतात.”

“आणि रजा?”

“त्या दहातली.”

“अहो, त्या दहाला हात लावायचा नाही.”

“अगं, अकरा वर्षं कपाटं पुसतेयस. एकदा समुद्र बघ.”

मुलीला फोनवर विचारलं तर तिने नेहमीप्रमाणे माझ्या मराठीला जर्मनमधून उत्तर दिलं. एकदाचे जा, एवढाच त्याचा अर्थ. शेवटी आईला विचारलं. ती अठ्ठ्याहत्तरची. साखर होती, हृदयाच्या गोळ्या चालू होत्या, पण सकाळी अंगणात दहा फेऱ्या मारायची.

“जा गं. मी काय लगेच निघालेय का?” ती म्हणाली. “सीझन संपल्यावर चाललात ना? मग बरोबर.”

हे तिचंच शास्त्र. आई पोस्टात काउंटरला होती. सुट्टीच्या दिवसांत रजा मागणारे पुष्कळ, त्यामुळे तिला मिळायची ती कोणालाच नको असलेली. आम्हा भावंडांना ती महाबळेश्वरला न्यायची तेव्हा दुकानदार फळ्या लावत असायचे आणि घोडेवाले झाडाखाली पत्ते खेळत बसलेले असायचे. कठड्याशी उभी राहून ती म्हणायची, “बघा, सगळा पॉइंट आपलाच.” डब्यातली थालीपीठं तिथेच काढायची. मोठी होईपर्यंत मला वाटायचं, महाबळेश्वरला माणसं येतच नाहीत.

आम्ही दोन आठवड्यांसाठी गेलो. शुक्रवारच्या बोटीने उतरलो तेव्हा आमच्यासोबत एक पाद्री आणि सिमेंटची पोती घेऊन चाललेली दोन माणसं होती. सीझन संपल्यावर बोट आठवड्यातून दोनदाच, मंगळवारी आणि शुक्रवारी. बेटावर विमानतळ नाही. हे मला माहीत होतं, यादीत लिहूनही ठेवलं होतं. तेव्हा ते चांगलंच वाटलं.

आमचं बिऱ्हाड एका विधवा बाईच्या घरात, वरच्या मजल्यावर. तिने बाकीच्या खोल्या बंद करायला घेतल्या होत्या. दिवसभर गाद्या उन्हात टाकायची, पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या धुऊन एकात एक अडकवून ठेवायची. बोलायला आम्हाला सामायिक भाषा फारशी नव्हती, पण आम्ही मांस खात नाही हे तिला पहिल्याच दिवशी कळलं आणि रोज पांढऱ्या घेवड्याचं वाडगं दारात येऊ लागलं. अंगणातली डाळिंबं फुटून दाणे दिसत होते. समुद्र अजून उबदार होता. पन्नाशीत मी पहिल्यांदा गळ्यापर्यंत पाण्यात गेले, कारण बघायला कोणी नव्हतं. हे काठावर पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे, हातात थर्मास. “मागे ये,” म्हणत होते. मी नाही गेले.

रोज सकाळी आमच्या चहाच्या वेळी आईला व्हिडिओ कॉल. तिचं जेवण झालेलं असे. मी फोन फिरवून समुद्र दाखवायची, रिकामा किनारा, बंद हॉटेलं.

“अगं बाई, एवढ्या मोठ्या गावात तुम्ही दोघंच?”

“सगळं बेट आपलंच आहे, आई.”

“जावईबापूंना म्हणावं, दुपारी टोपी घाला. दिसायला लागलंय.” टक्कल, हे तिने बोलून दाखवलं नाही. हे चहा पिता पिता ठसकले.

मी इतकी मोकळी मला आठवत नाही. यादी केली नाही असं नाही, पण त्यात ‘टेकडीवरचं देऊळ’ आणि ‘काहीच नाही’ असल्या गोष्टी होत्या.

दुसऱ्या सोमवारी वारा सुटला. मंगळवारी सकाळी चहा गाळत होते तेव्हा फोन वाजला. कॉल नेहमी मी करायची, म्हणून वाजताच कळलं. धाकटा भाऊ होता.

“ताई, आईला ॲडमिट केलंय. छातीत दुखलं, घाम आला. डॉक्टर म्हणतायत अवघड आहे. तू निघ.”

“निघते,” मी म्हटलं. वीस मिनिटांत बॅगा भरल्या. मग पाकीट उघडून मी पलंगावर बसले. आत जर्मन ओळखपत्र होतं. युरोपात फिरायला तेवढं पुरतं. पासपोर्ट आणि भारताचं कार्ड बाड हॉम्बुर्गला होतं, निळ्या पाकिटात, दुसऱ्या कप्प्यात. यादीत पहिलीच ओळ तशी होती. ती वस्तू जागची हलवायची नाही असा माझा नियम, आणि मी तो पाळला होता.

हे म्हणाले, “आधी अथेन्सला तर पोचू. दुपारची बोट आहे.”

बंदरावर आम्ही तीन तास थांबलो. लाटा धक्क्यावरून उडून रस्त्यावर येत होत्या. तिकिटाच्या खिडकीतल्या माणसाने हात हलवून सांगितलं, आज नाही. उद्याही नाही. परवा, कदाचित. मी त्याला म्हटलं, माझी आई. तो खिडकीतून बाहेर आला, त्याने समुद्राकडे बोट दाखवलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. धक्क्यावर आम्ही सोडून कोणीही नव्हतं. हीच बोट ऑगस्टमध्ये दिवसातून चार वेळा येते, असं त्याच्या खिडकीवर लिहिलं होतं. ते मी सारखं वाचत होते.

भावाचा दुसरा फोन तिथेच आला. तो रडत होता, आणि त्याच्यामागे कोणीतरी त्याला काहीतरी विचारत होतं.

“ताई, गेली गं.”

मी बॅगेवर बसले.

मग तो म्हणाला, “थांबू का? दवाखान्यात ठेवता येईल म्हणतायत. तू सांग. तू म्हणशील तसं.”

मी हिशेब केला. ते मला येतं. गुरुवारी बोट मिळाली तर शुक्रवारी फ्रॅंकफर्ट, घरी जाऊन पासपोर्ट, शनिवारचं विमान, रविवारी सातारा. पाच दिवस. आईला पाच दिवस बर्फात. माझ्यासाठी.

“नको,” मी म्हटलं. “थांबू नका.”

इतक्या लगेच म्हटलं की भावाने “नक्की ना?” असं दोनदा विचारलं. हे माझ्याकडे बघत राहिले. तो निर्णय चूक होता असं मला आजही वाटत नाही. पण तो घ्यायला मला एका यादीपुरताही वेळ लागला नाही, हे मी विसरू शकलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजयीने फोन धरला. ओटीवर आई, नवी साडी, नाकात कापूस. माणसांचे पाय मध्ये येत होते, कोणी वाकून नमस्कार करत होतं. “ताई दिसतंय का?” भावजय हळूच विचारत होती. वाऱ्याने रेंज जात होती. चित्र थांबलं तेव्हा त्यात आईचा चेहरा नव्हता, कोणाच्या तरी शर्टाची बाही होती.

घरमालकिणीला ह्यांनी काय सांगितलं माहीत नाही. दुपारी तिने एक वाटी आणून माझ्यासमोर ठेवली. उकडलेले गहू, साखर, वर अंगणातल्या डाळिंबाचे दाणे. त्यांच्याकडे गेलेल्या माणसासाठी करतात, असं तिने आकाशाकडे आणि मग वाटीकडे बोट दाखवून समजावलं. ती समोर बसून राहिली. मी वाटी संपवली.

गुरुवारी वारा पडला. रविवारी दुपारी आम्ही साताऱ्याला पोचलो. सावडणं होऊन तीन दिवस झाले होते, सगळे येऊन गेले होते. फाटक उघडलं तर अंगणात मंडप तसाच उभा, आणि त्याखाली पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा. एकही माणूस नाही.

भाऊ बाहेर आला. दाढी वाढलेली. माझ्या हातातली बॅग घेत म्हणाला, “दोनशे माणूस होतं गं ताई. पोस्टातले पार निवृत्त झालेलेसुद्धा आले.” मी खुर्च्यांकडे बघतेय हे त्याच्या लक्षात आलं. “मंडपवाला परवापासून मागे लागलाय. त्याला म्हटलं, ताई येईपर्यंत एक खुर्ची हलवायची नाही.”

मी दुसऱ्या रांगेतल्या एका खुर्चीवर बसले. समोर ओटी सारवल्यासारखी स्वच्छ धुतलेली, कोपऱ्यात दिवा. हे आत गेले, भाऊ आत गेला. मी कितीतरी वेळ तशीच बसले.

मग फाटकाशी टेंपो थांबला. मंडपवाला, बाबांच्या वेळचाच, आता केस पिकलेला, आत आला. मला बघून चप्पल काढून उभा राहिला.

“नेऊ का, ताई?”

“थोडं थांबा,” मी म्हटलं.

तो पायरीवर बसला.