रोप घरी नेलं तेव्हा

"थांबा, बोलू नका. मी मोडायलेय."

हिंजवडीतल्या आमच्या मजल्यावर हे वाक्य दिवसातून अनेकदा ऐकू येई. सोबत वाहतूक पोलिसासारखा उजवा हात वर. बोलणाऱ्या आमच्या मॅडम. तयार सॉफ्टवेअर ग्राहकाकडे जाण्याआधी मुद्दाम मोडून पाहणं, त्यातले दोष शोधणं हे त्यांचं काम. मूळच्या लातूरकडच्या, बोलण्यातलं ते 'मोडायलेय' शेवटपर्यंत टिकलं. मी शेजारच्या टेबलावर माहितीपुस्तिका लिहीत असे.

दोष सापडला की त्यांचा चेहरा खुले. ज्याच्या कामात तो निघाला, त्याच्यापाशी त्या स्वतः जात आणि डब्यातला शेंगदाण्याचा लाडू पुढे करत. "आधी खा. मग सांगते काय मोडलं ते." लाडू दिसला की पोरं काय ते ओळखत, पण खात सगळे.

त्यांच्या टेबलावर मनीप्लांटचं रोप होतं. एसीच्या वाऱ्याने पानं पिवळी पडली, तेव्हा त्यांनी ते जवळच्या नांदे गावात नेऊन आपल्या भाड्याच्या खोलीपुढच्या ओट्यावर ठेवलं.

आयटीत काम केलेल्यांना पुढचं सांगायला नको. राजीनाम्याची चाहूल टेबलावरून लागते. आधी फोटो जातो, मग कप, मग रोप. त्याच संध्याकाळी त्या उतरल्यावर कंपनीच्या कॅबमध्ये कुणीतरी म्हणालं, "मॅडमनी पेपर टाकले वाटतं." दुसऱ्या दिवशी चहाच्या मशीनपाशी नवी कंपनी बाणेरची असल्याचंही ठरलं.

त्यांना कुणी विचारलं नाही. अशी गोष्ट थेट विचारणं आमच्याकडे असभ्य समजतात.

नवं काम वाटलं गेलं, तेव्हा त्यांच्या वाट्याला काही आलं नाही. बैठकांची निमंत्रणं थांबली. त्या जवळ आल्या की बोलणं क्रिकेटवर जाई. शेवटी त्यांनी टीम लीडला गाठलं. "माझं काही चुकायलंय का?"

"छे छे, मॅडम. तुम्ही निवांत राहा."

निवांत राहणं त्यांना जमेना. एकच चाचणी त्या पुन्हा पुन्हा करू लागल्या. नसलेला दोष कळवला. असलेला हातून निसटला आणि ग्राहकाला सापडला. "लक्ष उडालंय. जाणाऱ्या माणसाचं असंच होतं," सगळे म्हणाले. अफवेला आता पुरावाही मिळाला.

त्यांना ती कळली घरमालकीणबाईंकडून. बाईंचा मुलगा आमचीच कॅब चालवायचा.

"ताई, खोली कवा सोडताय? आदी सांगा. दुसरं भाडेकरू बघाया लागंल."

"मी कुठं चालले, मावशी?"

"मला काय ठावं? पोरगं म्हनलं, तुमी नोकरी सोडली. समद्या गाडीला म्हाईत हाय."

दुसऱ्या दिवशी त्या रोप मांडीवर घेऊन कॅबने आल्या. हा किस्सा मला सांगताना डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. थोड्या वेळाने पाहिलं, तर डोळे अजून पुसत होत्या, पण हसत नव्हत्या.

मग त्या टीम लीडकडे गेल्या. वयाने त्यांच्या भाच्याएवढा. मनाने वाईट नव्हता.

"मी कुठंच चालले नाही."

"मग तसं आधी सांगायचं ना, मॅडम."

"काय सांगायचं? रोज इथंच बसलेय की."

दुपारपर्यंत नवी बातमी आली. कंपनीने पगार वाढवून त्यांना थांबवलं म्हणे.

त्यानंतर काही महिने त्या टिकल्या. लाडू बंद झाले. दोष त्या मेलने कळवू लागल्या. मग एक दिवस त्यांनी खरोखरच राजीनामा दिला. दुसरी नोकरी हातात नव्हती.

नोटिशीच्या काळात मात्र वेगळंच घडलं. तर्क करण्यासारखं काही उरलं नाही, तशी माणसं त्यांच्याशी सरळ बोलू लागली. त्यांचं कामातलं लक्षही परत आलं. शेवटच्या आठवड्यात त्यांनी असा दोष काढला की ग्राहकाकडे निघालेलं काम थांबवावं लागलं. टीम लीड उठून उभा राहिला. "मॅडम, राहा ना हो." त्यांनी नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

शेवटच्या संध्याकाळी मी लिफ्टपर्यंत गेलो.

"आता माझ्याबद्दल काय बोलायलेत?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही. आता त्या नव्या मुलाचं चाललंय. तो रोज जिन्यात जाऊन फोनवर बोलतो, म्हणून."

लिफ्ट आली. त्या आत गेल्या आणि मिटणारं दार हाताने अडवून म्हणाल्या, "मग त्याला विचारा की जाऊन."