मावसाजी आणि तीन ताप

मलेरिया, डेंग्यू आणि चिकुनगुन्या हे तिघे आमच्या मावसाजींना विचारल्याशिवाय वडसा गावात कुणाच्या अंगात शिरत नाहीत, असं निदान मावसाजी तरी मानत. झाडीपट्टीच्या नाटकांत ते वर्षानुवर्षं खलनायक रंगवत आलेले. त्यामुळे दुष्ट माणूस चालीवरूनच ओळखू येतो, मग ताप काय चीज, असं त्यांचं म्हणणं. कुणाचं अंग तापलं की हे बिनबोलावता हजर. दात वाजवत गोधडी मागितली आणि मग घामाघूम होऊन उठून बसला, तो मलेरिया. डोळ्यांच्या मागे ठणकतं, तो डेंग्यू. सांधे धरले आणि माणूस भिंतीच्या आधाराने चालू लागला, तो चिकुनगुन्या. शेजारच्या गृहस्थांना त्यांनी छातीठोकपणे चिकुनगुन्या ठरवला, तेव्हा ते बिचारे शिडीवरून पडले होते. रक्त तपासल्याशिवाय यातलं काही खरं नसतं, हे मी सांगून थकलो.

मग दिवाळीनंतर, ऐन प्रयोगांच्या दिवसांत, मावशीला ताप आला. मावसाजींच्या नाटक कंपनीचे कपडे तीच शिवते. मावसाजींनी डेंग्यू म्हटलं आणि तपासणीत चक्क डेंग्यूच निघाला. काळजी बाजूला ठेवून हा माणूस गल्लीभर चहा पाजत फिरला. डॉक्टरांनी पाणी पाजत राहा, रोज रक्त तपासायला आणा, असं बजावलं होतं. पण एका सकाळी ताप उतरला आणि मावसाजींनी तपासणीच बंद केली.

"आता कायची तपासणी? खलनायक मेला, नाटक सरलं."

दुपारी मी गेलो तर मावशी शिलाई मशीनवर बसली होती. हात गार, कपाळावर घाम. पोट दुखतं म्हणाली. चूळ भरली तर पाण्यात रक्त. मी म्हणालो, आत्ताच दवाखान्यात चला. मावसाजी मात्र हसून म्हणाले, अंग गार आहे म्हणजे बरंच आहे. तेवढ्यात ती उठायला गेली आणि मशीनवरच कोसळली.

कंपनीच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं. नाडी लागत नव्हती. डॉक्टर भराभर सलाइन लावता लावता एवढंच म्हणाले, की डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरं जपायचं असतं. मावसाजी भिंतीला टेकून खाली बसले. रात्रीचा प्रयोग त्यांच्याविना झाला. मावशीची विचारपूस करायला आलेल्यांकडे त्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मला त्यांचा संताप येत होता आणि त्यांच्याकडे पाहवतही नव्हतं.

मावशी वाचली. पहिल्यांदा उशीला टेकून बसली तेव्हा तिने मावसाजींनाच जवळ बोलावलं.

"मले काय झालं होतं, तुमीच सांगा. डॉक्टरचं मले समजत नाई."

मावसाजींनी खाकरून घसा साफ केला. मग तिचा सलाइनने सुजलेला हात दोन्ही हातांत धरून हळूच म्हणाले, "मलेबी समजलं नाई, बाई. तू घरी चाल."

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांच्या तोंडून 'समजलं नाई' हे मावशीने पहिल्यांदाच ऐकलं असावं.