‘घर बंद’ आणि शुक्रवारची मिटिंग

“मॅडम, चौदा मुलांसाठी नवीन अंगणवाडी कोण देणार?”

जाधवसाहेबांनी फाईल माझ्याकडे सरकवली. ते आमचे प्रकल्प अधिकारी, म्हणजे आमच्या भागातल्या सगळ्या अंगणवाड्यांचे प्रमुख. फाईलवर चिठ्ठी टाचलेली होती : ‘लाभार्थी अपुरे.’

“चाळीस तरी मुलं दाखवा. पुढच्या मंगळवारी यादी ठाण्याला जातेय. नाहीतर ही मंजुरी दुसऱ्या तालुक्याला जाईल.”

“साहेब, त्या चाळींत चौदाहून खूप जास्त मुलं आहेत.”

“मग यादीत का नाहीत? सर्व्हे कोणी केला?”

“सुरेखा भोईर. आपली सेविका.”

“आणि खाली सही?”

सही माझी होती. मी फाईल उचलली आणि बाहेर आले.

मी तेव्हा मुख्यसेविका होते. कागदावर मुख्यसेविका, बोलताना सगळे सुपरवायझर म्हणतात. वीस-पंचवीस अंगणवाड्या फिरायच्या, सेविकांची रजिस्टरं तपासायची, सह्या करायच्या. भिवंडीजवळ राहनाळच्या बाजूला गोदामं आणि लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे, कारखाने यांच्या मधोमध जनूशेठच्या पाच चाळी होत्या. सगळे भाडेकरू बाहेरगावचे, लूमवर काम करणारे. जवळची अंगणवाडी हायवेच्या पलीकडे. दिवसभर कंटेनरची रांग. तीन-चार वर्षांचं पोर तो रस्ता ओलांडून गाणी म्हणायला आणि खिचडी खायला येईल असं ज्याला वाटतं, त्याने आधी स्वतः ओलांडून दाखवावा. म्हणून चाळीतच नवीन अंगणवाडी हवी, असा प्रस्ताव मी दोन वर्षं रेटत होते. आणि आता माझ्याच सहीने तो पडत होता.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, सुरेखाला घेऊन चाळींत गेले. तिचं रजिस्टर उघडलं. पान भरून एकच नोंद : ‘घर बंद’, ‘घर बंद’, ‘घर बंद’. दाराला कुलूप असलं की आमच्यात असं लिहितात आणि पुढच्या दाराशी जातात. बेरीज करताना त्या घरात मुलं शून्य धरली जातात.

“एवढी घरं बंद?” मी विचारलं.

“मॅडम, तीनदा आले. तिन्ही वेळा कुलपं. नवरा-बायको दोघं कामावर. बायका कांड्या भरायला जातात.”

कांडी म्हणजे लूमच्या आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात बसते ती छोटी नळी. तिच्यावर सूत गुंडाळायचं काम बहुतेक बायकाच करतात. सकाळी सातला जायचं, दुपारी अर्धा तास जेवायला यायचं, पुन्हा जायचं ते संध्याकाळी सातपर्यंत.

माझं लक्ष दोऱ्यांवरच्या कपड्यांकडे गेलं. प्रत्येक ‘घर बंद’समोर एवढे एवढे फ्रॉक आणि वीतभर चड्ड्या वाळत होत्या. मी मोजायला लागले. तिसऱ्या चाळीच्या शेवटापर्यंतच आकडा चाळीसच्या पुढे गेला. कपडे इथे आहेत, मग पोरं कुठे आहेत?

शेवटच्या खोलीचं कुलूप मी नुसतंच हलवून पाहिलं. आतून आवाज आला, “मम्मी ड्यूटी पे गई।”

सुरेखाने माझा हात घट्ट धरला.

“बेटा, अंदर और कौन है?” मी विचारलं.

“कोई नहीं।”

“नाम क्या है तुम्हारा?”

“झोया।”

“कितने साल की हो?”

मग दाराखालच्या फटीतून चार बोटं बाहेर आली.

मी खाली बसले आणि ती बोटं धरली. माझं वय तेव्हा छप्पन्न. नोकरीत कुपोषित मुलं पाहिली होती, दगावलेलीही पाहिली होती. पण त्या दारासमोर मला जेवढी स्वतःची लाज वाटली तेवढी कधी वाटली नव्हती. सुरेखा तर रडायलाच लागली. “मी या दाराशीपण तीनदा आले, मॅडम. कुलूप दिसलं, लिहिलं.”

“ही लोकं घरी कधी असतात?”

“शुक्रवारी. शुक्रवारी लूम बंद.”

“मग शुक्रवारी का आली नाहीस?”

“शुक्रवारी आपली मिटिंग असते ना, मॅडम.”

मी भिवंडीत जन्मले, भिवंडीतच वाढले. आमच्या घरामागे लूमचा कारखाना होता. शुक्रवारी खडखडाट थांबला की कानाला चुकल्यासारखं व्हायचं. शुक्रवार म्हणजे लूमची सुट्टी, हे मला पाढ्यांच्या आधीपासून माहीत. आणि सगळ्या सेविकांची आठवड्याची मिटिंग शुक्रवारी ठेवा, असं साहेबांना सुचवणारीही मीच. शनिवार-रविवारच्या आत रिपोर्ट हातात पडावेत, एवढाच विचार केला होता. आठवड्यात ज्या एका दिवशी वस्ती घरात सापडते, त्या दिवशी मी माझी सगळी माणसं ऑफिसात सतरंजीवर बसवून ठेवत होते.

तिथूनच साहेबांना फोन लावला.

“साहेब, परवा मी आणि सुरेखा मिटिंगला येणार नाही. सर्व्हे पुन्हा करायचाय.”

“मिटिंग कंपल्सरी आहे, मॅडम. सर्व्हे उद्या करा.”

“उद्या कुलपं असतात.”

“मेमो द्यावा लागेल मला.”

“द्या,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

शुक्रवारी सकाळी आठला आम्ही चाळीत हजर. तीच वस्ती ओळखू येईना. दारं सताड उघडी, पाण्याच्या पिंपाशी आंघोळी, कोणाच्या डोक्याला तेल, कोणाच्या डोळ्यात साबण. पोरंच पोरं. मात्र रजिस्टर काढलं की बायका आत वळायच्या. नाव लिहून काय करणार, याची भीती.

शेवटच्या खोलीत झोयाची आई शबनम चपात्या लाटत होती. मी दाराबद्दल विचारलं तशी ती तडकली.

“ताला नहीं लगाऊँ तो क्या करूँ? बाहर ट्रक है, गटर है। आप संभालोगी?”

“हो,” मी म्हटलं. “सकाळचे चार तास आम्ही सांभाळू. त्यासाठीच आलेय. तुम्ही नाव दिलंत तर.”

तिचं लाटणं थांबलं. तिने झोयाला पुढे ढकललं आणि नाव सांगितलं. मग स्वतःच ओट्यावर येऊन शेजारणींना हाका मारल्या, “आओ रे, लिखवाओ! टीचर आएगी इधर।” जुम्म्याच्या नमाजाला माणसं निघाली तोवर आमची यादी पूर्ण झाली. एकसष्ट मुलं.

आता जागा. खोलीमालकाचं संमतीपत्र जोडलं नाही तर प्रस्ताव अर्धवट. चाळीच्या टोकाला एक खोली मोडक्या सामानाने भरून पडली होती. जनूशेठ म्हणजे इथले जुने शेतकरी. जमिनीवर गोदामं उठली, तसे शेठ झालेले. माणूस वाईट नव्हता, पण सरकारी कागद बघितला की दोन पावलं मागे.

“ताई, चहा घ्या, पन खोली मांगू नका. सरकार एकदा घुसला का निघाचा न्हाय.”

“शेठ, भाडं मिळेल. थोडं असेल, पण मिळेल.”

“भाड्याचा न्हाय वो. उद्या चाळीचे कागुद मांगाल.”

“मी अंगणवाडीची बाई आहे. मला तुमच्या चाळीचे कागद वाचताही येत नाहीत.”

ते हसले, पण मान काही हलेना. तेवढ्यात त्यांची बायको हिराबाई ओट्यावर वाल निवडत होती ती तिथूनच बोलली.

“द्या त्यांना.”

“तू गप गो.”

“कनाला गप? खोली माझ्या नावाची हाय. तुमी दिसभर गोदामाव असता. पोरा कोंडलेली रडतान, ती मना आयकाला येतान. दुपारचा माझा डोला लागत न्हाय.” तिने सूप खाली ठेवलं. “ताई, कुठं सही करू?”

शेवटी शेठनीच खिशातलं पेन काढून बायकोच्या हातात दिलं.

सोमवारी साडेदहाला फाईल साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी यादी दोनदा चाळली. “चौदाची एकसष्ट झाली? आधीचं चुकीचं होतं म्हणून लिहून द्याल?”

“दिलंय. शेवटचं पान. माझ्या सहीने.”

त्यांनी फाईल पुढे पाठवली. मेमोही दिला, दोन्ही एकाच दिवशी. मेमोला मी एका ओळीत उत्तर लिहिलं : ‘सदर दिवशी मी सर्व्हेच्या कामावर होते.’ तो आजही माझ्या सर्व्हिस बुकात आहे.

मंजुरी आली, पण सेविकेची नेमणूक, चटया, वजनकाटा यात आणखी सहा महिने गेले. त्या सहा महिन्यांत कुलपं तशीच होती, हे मी विसरत नाही. अंगणवाडी सुरू झाली तरी ती चार तासांची, आणि आईची शिफ्ट बारा तासांची. पुढच्या तासांचं उत्तर माझ्या फाईलमध्ये नव्हतं. तेवढ्यापुरती काही मुलं हिराबाईच्या ओट्यावर बसायला लागली. तिने कोणाची परवानगी मागितली नाही.

एक गोष्ट साहेबांनी मला न सांगता केली. मेमोच्या पुढच्याच महिन्याच्या वेळापत्रकात मिटिंग शुक्रवारवरून बुधवारवर गेली होती. नव्याने रुजू होणाऱ्या पोरींना मी तेव्हापासून एवढंच सांगत आले : रजिस्टर उघडण्याआधी त्या वस्तीची सुट्टी कधी असते ते विचारा, आणि कुलूप दिसलं तरी हाक मारा.

अंगणवाडीच्या पहिल्या दिवशी मी लवकर पोहोचले होते. सातला दहा कमी होते. नवीन सेविका मुद्दाम लवकर आली होती. शबनमने नेहमीसारखं दार ओढलं, कुलूप लावलं, दोनदा खेचून पाहिलं. झोया तिच्या शेजारी उभी होती, दाराच्या बाहेर.