काचेवरचं गंध

बंगाली मुलखात, बेहाला उपनगरातल्या घरी श्यामलाच्या कामाच्या टेबलाकडे दिगंबरराव सहसा फिरकत नसत. सुनेनं दिवसभर तारा आणि चिमटे घेऊन बसावं, हे रेल्वेतून निवृत्त झालेल्या या सासऱ्यांच्या काही केल्या पचनी पडत नव्हतं. तोंडानं काही म्हणायचे नाहीत, नुसते खाकरायचे. त्या खाकरण्यात सगळं यायचं.

एकोणऐंशी साली बजबजच्या एका ज्यूट मिलनं श्यामलाला पहिलंच मोठं काम दिलं. वजनयंत्रातली जुनी चिप वाचून तिची नक्कल नव्या चिपवर उतरवायची. बनवणारी परदेशी कंपनी बुडालेली, दुसरी प्रत कुठंच नाही. साधलं तर पुढची कामं तिची. बिघडलं तर बाईमाणसाला पुन्हा कोण विचारतंय! चिप वाचायचं नवं यंत्र दिवाळीला येणार होतं. चिप टेबलावर ठेवून ती दसऱ्याआधी नागपूरला माहेरी गेली.

परतली तर चिप देवघराच्या खिडकीत, उन्हात! अशा चिपच्या पाठीवर इवलीशी काच असते. काचेतून ऊन आत गेलं की आतलं सगळं हळूहळू पुसलं जातं, म्हणून वर काळी पट्टी चिकटवलेली असते. ती पट्टीच गायब होती.

“मामंजी, ही इथं कुणी ठेवली?”

“मीच. खंडेनवमीला माझ्या पान्या-पकडीबरोबर यंदा तुझंही हत्यार पुजलं. पट्टी मळकी होती, काढून टाकली. चार लोकांना दिसू दे म्हटलं.” म्हातारा चक्क हसत होता.

श्यामलाला रडू फुटायचंच बाकी होतं. इतक्या वर्षांनी या माणसानं तिचं काम आपलं मानलं, आणि मानलं ते असं! तिचा चेहरा बघून त्यांनी खोदून विचारलं, तेव्हा सांगावंच लागलं. दिवाळीला यंत्र आलं, तेव्हा दिगंबरराव स्वतः टेबलाशी येऊन बसले.

चिप नव्या यंत्रात बसवली. दर वाचनाला आकडे वेगळे. त्यात लोडशेडिंग. पंखा थांबला, दोघं घाम पुसत विजेची वाट बघत राहिली. वीज आल्यावर तिनं व्होल्टेज जरासं उतरवून पाहिलं. फिकट झालेलं कधीकधी असं हाती लागतं. आकडे स्थिरावले. पुन्हा वाचलं, तेच आले. मग तिनं चिप निरखून पाहिली. काचेवरचा जो थर तिला मळ वाटला होता, तो वाळलेल्या गंधाचा जाड टिळा होता. उन्हाला तोच आडवा आला होता.

“तुमच्या गंधानं वाचवलं, मामंजी.”

त्यांना ती नुसती समजूत वाटली. नव्या चिपनं वजनं बरोबर येताहेत, असा बजबजहून निरोप आला, तरी ते पुन्हा टेबलाकडे फिरकले नाहीत. आता खाकरतही नसत, आणि श्यामलाला ते फार लागलं.

पुढच्या खंडेनवमीला पाटावर फक्त त्यांचीच हत्यारं होती. श्यामलानं आपलं जड यंत्र उचलून आणलं, पाटावर ठेवलं आणि मिलनं तिलाच देऊन टाकलेली ती जुनी चिप त्यावर ठेवली.

“गंध लावा.”

“पट्टी कुठाय हिची?”

“काढली. काचेवरच लावा.”

दिगंबररावांनी अनामिकेवर गंध घेतलं. सगळी काच झाकली जाईपर्यंत ते लावत राहिले.