तासावरून आखणीला

सातवीचा भूगोलाचा तास चालू होता. शेठ दारात येऊन उभे राहिले. शेठ म्हणजे आमच्या संस्थेचे चेअरमन. पेणला त्यांचा गणपतींचा कारखाना.

"बाई, फळा राहू दे. आखणी राहिलीय. हमरापूरची ना तू? घरचाच धंदा हाय तुमचा."

सुरुवातीला बाई, लगेच तू. मुलं हसली. मी पदर खोचला आणि निघाले.

आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. बापाने शिकवलेलं. त्या कामाची लाज मला कधीच नव्हती. लाज वाटली ती भर तासातून उठवल्याची.

कारखान्यात बिनडोळ्यांचे गणपती ओळीने मांडलेले. बाहेर काळोखून आलेलं. शेठ माझ्या पाठीमागे खुर्ची टाकून बसले.

"हात चांगला हाय. नोकरीपण टिकंल तुझी."

आवाज चढवला नाही. म्हणूनच जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी हेडसर हळूच म्हणाले, "बाई, बोलावलं की जात जा. विज्ञानाच्या बाई नाय म्हणाल्या. आता कुठं हायत, बघताय ना?"

त्या रोह्याला एका कंपनीत पॅकिंगला होत्या. त्यांच्या आधीचे इंग्रजीचे सर वर्षभरही राहिले नव्हते. आपल्या शाळेत शिक्षक टिकत का नाहीत, असं पालकसभेत दरवेळी कोणीतरी विचारायचं. उत्तर मधल्या खुर्चीवर हार घालून बसलेलं असायचं.

मी जात राहिले. श्रावणभर.

एकदा सातवीच्या वर्गात विचारलं, मोठेपणी कोण काय होणार. मिठागरावर राबणाऱ्या घरातली एक पोर उभी राहिली.

"काय पण होईन, बाई नाय होणार. बाईला कोण पण उठवून नेतं."

या वेळी कोणी हसलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी भूगोल शिकवत होते, पोरी माझं मुकाट्यानं उठून जाणं शिकत होत्या.

दोन दिवसांनी शेठ पुन्हा दारात.

"चल."

"तास चालू आहे. आणि शाळा सुटल्यावरही मी येणार नाही."

शेठ हसले. "बरं. गणपती होऊ देत."

गणपती झाले. हेडसर आता माझ्याकडे बघत नाहीत. माझे तास एकेक करून दुसऱ्यांना दिले. सातवी तेवढी उरलीय. मी कंटाळून आपणहून निघून जावं, एवढ्याचीच वाट बघतायत.

मी जाणार नाही. राजीनामा देणार नाही. मला काढायचं तर शेठनी सातवीच्या वर्गात यावं, आणि का काढतोय ते त्या पोरीच्या तोंडावर सांगावं.