पिवळ्या गाडीचे मालक

“पिवळ्या गाडीच्या मालकांनी कृपया गाडी हलवावी! आपण पेनल्टी स्पॉटवर उभे आहात!”

काका भोंग्यातून इंग्रजीत ओरडत होते आणि समोर होता बुलडोझर. बर्मिंगहॅममधलं आमचं छोटंसं फुटबॉल ग्राउंड त्या दिवशी पाडत होते. तिथे सुपरमार्केट येणार होतं.

अख्खं ऐंशीचं दशक या ग्राउंडवर अनाउन्समेंट काकांच्याच. गोरेसुद्धा त्यांना ‘काका’च म्हणत. गोल झालेला असो की कुणाच्या गाडीने गेट अडवलेलं असो, सूर एकच, अस्सल सातारी. त्यांनी गाडी हलवायला सांगितली की मागच्या कालव्यातल्या होड्यासुद्धा सरकायच्या; मी स्वतः पाहिल्यात.

“अहो काका, तो काय ऐकणार आहे?” मी म्हणालो.

“पिचवर गाडी आणायची नसते,” काका म्हणाले. आणि भोंगा पुन्हा तोंडाला लावला.

आणि बुलडोझर चक्क वळला! गेटबाहेर जाऊन नीट पार्क झाला. आम्ही कप जिंकल्यासारखे नाचलो.

मग फोरमन आला, आणि तासाभरात स्टँड आडवा झाला.

नंतर मी त्या गोऱ्या ड्रायव्हरला विचारलं, “तू हलवलीस कशाला रे?”

“लहानपणी इथे मॅचला यायचो, तेव्हा काकांनी सांगितल्यावर डॅड लगेच गाडी हलवायचे,” तो म्हणाला.